न पाजलेलं वजन

आप्पांचं वजन मी पहिल्यांदा लिहिलं ते रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर. दुसरा कागद जवळ नव्हता. नारायणगावच्या त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर डायलिसिसची खोली आहे. पाच मशीन, पाच पलंग आणि दाराशी एक वजनकाटा. आत जाताना काट्यावर उभं राहायचं, चार तासांनी बाहेर पडताना पुन्हा उभं राहायचं. मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनला सगळे भाऊ म्हणायचे. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "दोन्ही वजनं लिहून ठेवायची. घरात लिहिणारं कोण आहे?"

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की. कालेजात हाय."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला मात्र भीती वाटली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद माझ्या हातात येतो. लाइटबिल असो, तलाठ्याचा उतारा असो, खताच्या पिशवीवरचं बारीक अक्षर असो. आता आप्पांची फाइलही माझ्याकडे आली. डॉक्टर बोलतील ते मी ऐकायचं, मीच समजून घ्यायचं आणि घरी येऊन सोपं करून सांगायचं. ते मला तरी समजलंय का, हे विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

आमची माणसं मूळची मेंढरांमागे फिरणारी. दिवाळीनंतर कळप घेऊन माळशेज घाट उतरायचा, कोकणात राहायचं आणि उन्हाळा सरता सरता वर यायचं. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा आप्पांनी आपल्या वाटणीची मेंढरं धाकट्या भावाच्या, म्हणजे तात्यांच्या कळपात सोडली आणि पिंपळवंडीजवळ जमिनीच्या एका तुकड्यावर दोन खोल्या बांधून एका जागी राहिले. पोरीची शाळा फिरती नको, एवढंच कारण होतं. थोरल्या बहिणीला ते मिळालं नव्हतं. ती लग्न होऊन पेठेला गेली. आई लोकांच्या वावरात टोमॅटो तोडायला जाते. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार आप्पांबरोबर जीपमध्ये बसून नारायणगावला जाणारी मीच.

पहिल्या आठवड्यात भावाने मला 'ड्राय वेट' समजावून सांगितलं. अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं ते. आप्पांचं बावन्न किलो धरलं होतं. किडन्या काम करत नाहीत, लघवी होत नाही, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मधे जे प्यायलं ते अंगातच साठतं. बावन्नच्या वर काटा जेवढा जाईल तेवढं पाणी मशीन ओढून घेणार. फार साठलं तर माणसाला त्रास, आणि फार ओढलं तरी त्रास.

मी आप्पांना म्हणाले, "कोरडं वजन, आप्पा."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी न पाजलेलं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. व्यापारी जितं मेंढरू किलोवर घेतो तेव्हा आदल्या दिवसापासून त्याला चारापाणी द्यायचं नाही, अशी बोली असते. नाहीतर मेंढपाळ मीठ चाटवून पाणी पाजून आणतो आणि काटा फुगतो. "न पाजलेलं आन, म्हनायचा त्यो. आमी बी कंदी कंदी पाजून न्यायचो," म्हणून ते हसले. मीही हसले. मला वाटलं, आप्पांना नीट समजलं. इतकं सोपं करून तर मलाही सांगता आलं नसतं.

घरी भिंतीवर मी आहाराचा तक्ता लावला होता. आजार निघाला तेव्हाच्या डॉक्टरांनी, म्हणजे मशीन लागायच्या बरंच आधी, दिलेल्या कागदावरून मी तो मोठ्या अक्षरात, तीन रंगांच्या पेनांनी उतरवून काढला होता. डाळ अगदी थोडी. अंडी, मटण बंद. केळं, बटाटा, शेंगदाणा, शहाळं बंद. आईला वाचता येत नाही, पण लाल रंगात लिहिलेलं बंद, हे तिने लक्षात ठेवलं होतं. आलेल्या पाहुण्यांना ती तक्ता दाखवायची.

जानेवारीत एका सोमवारी काट्यावर छप्पन्न किलो आलं. शनिवार-रविवार भावकीत लग्न होतं. आप्पा मांडवात बसले की जो तो चहा पुढे करणार, आणि नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही. नको म्हटलं की समोरचा म्हणतो, आमच्या घरचा चालत नाय व्हय? त्या सोमवारी माझं प्रॅक्टिकल होतं. ते बुडवून मी आले होते. आकडा पाहिला आणि माझा तोल गेला.

"चार किलो! आप्पा, तुम्हाला कळत नाही का? मी कॉलेज सोडून इथं कशाला येऊन बसते?"

खोलीत बाकीच्या चारही पलंगांवर माणसं होती. सगळी आमच्याकडे बघायला लागली. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे शेठ असायचे. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन नारायणगावात कापडाचं दुकान टाकलं होतं, आणि शेठ आमच्यासारखंच मराठी बोलायचे. तेच म्हणाले, "अगं बाई, बाप आहे तो. पट्टी तरी आणली नाहीस नशीब."

आप्पा मान खाली घालून उभे होते. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखे. त्या दिवशी चार लिटर पाणी ओढताना त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी पाय चोळत बसले. माफी मात्र मागितली नाही. कशी मागतात ते आमच्याकडे कुणाला येत नाही.

त्यानंतर बुधवारी त्रेपन्न आलं. शुक्रवारी त्याहून थोडं कमी. सोमवारी पुन्हा त्रेपन्न. भाऊ खूश झाला. "घरात शिकलेलं माणूस असलं की असा फरक पडतो," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मी वहीसाठी प्लास्टिकचं कव्हर आणलं.

त्याच सुमाराला आप्पांनी उपास धरले. रविवार खंडोबाचा, तो घरात आधीपासून होताच. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा. आईला बरं वाटलं. आजारी माणूस देवाकडे वळला तर कोण नको म्हणेल? शेंगदाणा, बटाटा, केळं हे उपासाचं सगळं तक्त्यात लाल अक्षरात होतं, म्हणून आप्पा त्या दिवशी काहीच खायचे नाहीत. सकाळी अर्धा कप चहा, बास. डायलिसिसच्या दिवशी घरी परत आलं की दमून एखादी भाकरी. शनिवार तेवढा पुरा जेवणाचा.

शेठना हे कळलं तेव्हा ते उठून बसायला लागले, तर भावाने त्यांना पुन्हा आडवं केलं. हाताला सुया लावलेल्या होत्या. "मला डॉक्टरांनी पर्युषणात पण उपास करू दिला नाही," शेठ म्हणाले. "हातापाया पडलो मी. तुमचा देव लई कडक दिसतोय, आप्पा."

"देव कडक नाय," आप्पा म्हणाले. "पोरगी कडक हाय."

सगळे हसले. मीही हसले आणि वहीत आकडा लिहिला.

त्या महिन्यांबद्दल लिहायचं तर फार काही नाही, कारण फार काही घडत नव्हतं. खोलीबाहेर एक बाकडं होतं. त्यावर चार तास. पुस्तक मांडीवर उघडं असायचं, पण एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं जायचं. कॉलेजात मी सोमवार, बुधवार, शुक्रवार नसते, हे सर्वांना कळलं होतं, का नसते ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. एकदा एका मैत्रिणीला सांगितलं, वडिलांना बरं नाही. तिने रात्री मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवलं. वाईट मनाची नव्हती ती. पण पुढे काय सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मीही फुलांचं चित्र पाठवलं आणि तो विषय संपला. प्रॅक्टिकलला माझी जोडीदारीण दुसऱ्या गटात गेली. संध्याकाळी आई वावरातून आली की विचारायची, "काय म्हनले?" मी म्हणायची, "चांगलंय." मग ती चूल पेटवायची.

दिवसभरात मला चांगलं म्हणणारी एकच गोष्ट होती, तो आकडा. आप्पा काट्यावर चढले की मी आधी काट्याकडे बघायची, मग त्यांच्याकडे. बहुतेक वेळा त्यांच्याकडे बघायचं राहूनच जायचं.

होळीनंतर आप्पा पडवीत बसून झोपायला लागले. भिंतीला पाठ, पायांवर घोंगडी. म्हणाले, बिबट्या फिरतोय, शेळीला जपाया पायजे. आमच्याकडे एकच शेळी आहे, आणि बिबट्या खरंच फिरत होता. उसातून ओढ्याकडे जाताना शेजाऱ्यांनी पाहिला होता, वस्तीवरचं एक कुत्रंही गेलं होतं. शिवाय मेंढपाळाने बसून झोप काढणं यात नवल ते काय? आप्पांनी अर्धा जन्म तशीच झोप काढली होती. मी विचारलं नाही, आईनेही नाही. त्या दोन महिन्यांत बीपीच्या गोळ्या दोनदा वाढल्या. त्याही मी वहीत लिहिल्या, तारखेसकट.

मेच्या शेवटी तात्या कळप घेऊन वर आले. आमच्या घरापासून दोन-तीन वावरं सोडून एका शेतकऱ्याच्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती, लेंडीखतासाठी. रविवारी सकाळी मी आणि आप्पा चालत गेलो. बांधावर आप्पा तीनदा थांबले. ऊन फार आहे, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "व्हय, लई हाय."

तात्यांनी लांबूनच हाक मारली, "या, या पावणं! मशिनीखाली झोपून लई आराम चाललाय म्हनं!"

"तू झोप की येकदा. मंग कळंल आराम."

"नगं बाबा. माझं रगत माझ्यापाशी बरं हाय."

असं म्हणत त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात टाकला आणि त्यांचं हसणं थांबलं. तो हात मी लहानपणापासून पाहिला आहे. मेंढरू लोकरीत कसंही दिसतं, गुबगुबीत दिसतं, म्हणून मेंढपाळ डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून बघतो, तिथं मांस आहे की नुसतं हाड आहे. तात्यांनी तशीच बोटं दाबली. सदऱ्यावरून आधी, मग सदऱ्याच्या आतून. मग खाली बसून आप्पांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"दादा, तुझी पाठ उतरलीया."

"उनाळा हाय."

"म्या काय उनाळा आज बघतुया व्हय?"

मी मधे बोलले. "तात्या, वजन बरोबर आहे. बावन्नवर आणतात ते. पाच महिने बावन्नच आहे." आणि मी पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर धरली. तात्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी पानावरून नजर फिरवली, माझा मान राखायला.

"पोरी, काटा वजन सांगतो. त्यात मांस किती अन् पानी किती, त्ये काट्याला नाय कळत."

त्यांनी कळपातून एक मेंढी पायाला धरून ओढली. कोकणात दलदलीचं गवत खाऊन काही मेंढरांना रोग लागतो. तिच्या जबड्याखाली मऊ पिशवीसारखं लोंबत होतं. "ह्ये पानी. उतरलेलं. हिला काट्यावर घाल, मागच्या साली व्हती तेवढीच भरंल. आता पाठीवर हात ठेव."

मी ठेवला. लोकरीखाली करवतीसारखा कणा होता. बाजूला काहीच नव्हतं.

"अशी मेंढी..." तात्या म्हणाले आणि तिथेच थांबले. मेंढी सोडून दिली. मग आप्पांना विचारलं, "जेवतूस का?"

आप्पा कळपाकडे बघत राहिले, म्हणून मी उत्तर दिलं. "आज रविवार आहे. उपास."

"अन् मंगळवारी?"

"उपास."

"गुरवारी?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याच डोक्यात ते वार एका ओळीत उभे राहिले. रविवार, मंगळवार, गुरुवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार. वही हातात उघडीच होती.

"आपल्यात रविवार सोडून कंदी कुनी उपास धरलाय?" तात्या मला नाही, आप्पांना विचारत होते.

काट्यावर जायच्या आदल्या दिवशी चारापाणी बंद. आप्पा पाच महिने मला न पाजलेलं वजन आणून देत होते. उपाशी राहून त्यांचं मांस झडत गेलं, मशीन बावन्नलाच थांबायचं म्हणून जेवढं झडलं तेवढी जागा पाण्याने घेतली, आणि माझ्या वहीत बावन्नचं बावन्न राहिलं.

"चल," आप्पा मला म्हणाले. "ऊन झालं."

पुण्याहून मोठे डॉक्टर सोमवारीच येतात. त्या सोमवारी मला बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. काय सांगणार? मेंढरं राखणाऱ्या माणसाने पाठीला हात लावला म्हणून तुमचा आकडा चुकला? डॉक्टर आप्पांच्या पलंगाशी येऊन फाइल पाहून पुढे निघाले, तेव्हा मी म्हणाले, "सर, एक मिनिट. माझे चुलते... ते मेंढपाळ आहेत. त्यांनी काल पाठ बघितली. म्हणजे हाताने. ते म्हणाले, मांस गेलंय आणि पाणी आलंय."

मशीनवरचा भाऊ हसला. वाईट हसला नाही, पण हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते परत फिरले. आप्पांच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, नडगी दाबली, दंड चिमटीत धरून पाहिला.

"झोपता कसे?"

"बसून."

"का?"

"वाघ येतो," आप्पा म्हणाले. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

डॉक्टरांनी विचारलं, "आडवं पडलं की छातीवर येतो का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघून म्हणाले, "व्हय."

"कधीपासून?"

"शिमग्यापास्नं."

मग छातीचा फोटो काढला, आणि फुप्फुसांत पाणी दिसलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बावन्न हा आकडा आता खरा नाही. वडील आटलेत, त्यामुळे त्यांचं कोरडं वजन कदाचित अठ्ठेचाळीसच्या आसपास असेल. ते एकदम काढता येत नाही. प्रत्येक वेळी थोडं थोडं खाली नेत शोधावं लागतं. आणि जेवणाचं विचारलं. मी भिंतीवरचा तक्ता पाठच म्हणून दाखवला. डाळ थोडी, अंडी बंद.

"तो मशीनच्या आधीचा आहार. मशीन लागलं की उलट होतं. मशीन रक्तातलं पोषणही थोडं घेऊन जातं. अंडी, डाळ, मासे, जे परवडेल ते खायचं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. मी घरी येऊन रसायनशास्त्राची वही उघडून पाहिली. त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं होतं, पाणी किती प्यायचं, मीठ किती, कोरडं वजन किती. खाली नुसतं 'आहार' असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्याच्यापुढे पान कोरं होतं. बहुतेक तेव्हा मशीनची शिट्टी वाजली असेल. किंवा मला वाटलं असेल, आहाराचं आपल्याला माहीतच आहे.

त्या सोमवारी परत येताना जीपमध्ये मागे दाटीने बसलो होतो. आप्पांचा सुयांचा हात मी माझ्या बाजूला घेतला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मी विचारलं, "आप्पा, का?"

जीपच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. पण ते म्हणाले, "आकडा चांगला आला की तू हसायचीस. बाकी दिसभर तुझं त्वांड मिटल्यालं."

समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे होता. मी त्या रोपांकडे बघत राहिले. एवढे दिवस मला वाटत होतं की मी एकटी बाकड्यावर बसते आणि मला कुणी बघत नाही. आतल्या पलंगावर आप्पा चार तास दुसरं काय करत असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता.

तक्ता काढला तेव्हा भिंतीचा रंगही त्याच्याबरोबर निघाला. आईने दोन अंडी उकडली. आप्पांना पांढरंच द्या, मधलं पिवळं काढून ठेवा, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं, तर तिने ते स्वतः खाल्लं नाही, शेळीजवळ बसलेल्या कोंबडीला घातलं आणि मग आम्ही तिघंही त्यावर हसलो. उपास सुटले. रविवारचा मात्र आप्पांनी सोडला नाही, म्हणाले, त्यो खरा हाय. मी डॉक्टरांना विचारून घेतलं. पोटात अन्न गेलं पाहिजे, एवढं पाळून देवाला काय ते सांगा, असं ते म्हणाले. रविवारी आप्पा भात आणि अंडं खायला लागले, पण खंडोबाला त्यांनी अंड्याचं सांगितलं नाही, नुसतं भाताचं सांगितलं.

साडेएक्कावन्न. एक्कावन्न. पुन्हा एक्कावन्न, कारण त्या दिवशी बीपी खाली गेलं आणि पाणी ओढणं मधेच थांबवावं लागलं. गोळे येत होते, आप्पा दात आवळून पडायचे. शेठ शेजारून म्हणायचे, "आप्पा, माप बदलायचं म्हटलं की शिवण उसवावीच लागते." श्रावण सरता सरता साडेअठ्ठेचाळीसवर आलो, आणि आप्पा आत, उशीवर डोकं ठेवून झोपायला लागले. बिबट्या अजून फिरतो. शेळी आता रात्री आतल्या खोलीत असते.

दिवाळीपर्यंत तात्यांचा कळप आसपासच होता. कॉलेज नसलेल्या दिवशी मी तिकडे जायची. तात्यांनी मला पाठ बघायला शिकवलं. डोळे मिटून बघ, म्हणायचे, नायतर लोकर बघशील. मी दहा मेंढरांच्या पाठी दाबायची, त्यात सहा चुकायची. "कालेज न्हेमकं कशाचं शिकतीस गं?" असं विचारून ते आणखी एक मेंढरू पुढे ढकलायचे.

पण मेंढीची पाठ वेगळी आणि बापाची वेगळी. लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसले होते, त्यानंतर त्यांच्या पाठीला हात लावल्याचं मला आठवत नाही. पोरगी मोठी झाली की ते आपोआप थांबतं. एका रविवारी ते अंघोळ करून पडवीत बसले होते. मी जवळ जाऊन नुसतीच उभी राहिले. त्यांना कळलं. त्यांनी सदरा वर केला आणि पाठ माझ्याकडे केली.

"घाल हात. बाजारात नेलं तर कुनी घील का सांग."

मी डोळे मिटले. मणके लागले, बरगड्या लागल्या, आणि अंघोळीच्या पाण्याचा ओलावा. हाताला काही कळत नव्हतं.

"काय म्हंती पाठ?"

"कळत नाही, आप्पा."

"आज नाय कळायची. मला चार सालं लागली."

वहीत आता तिसरा रकाना आहे. आधीचं वजन, नंतरचं वजन, पाठ. पहिल्या दोन रकान्यांत आकडे. तिसऱ्यात दर रविवारी एक शब्द लिहायचा. सुरुवातीचे बरेच रविवार तिथे एकच आहे, 'कळलं नाही'. दिवाळीनंतर तात्या घाट उतरून गेले. आता चुकलं तरी सांगणारं कुणी नाही.

परवाच्या रविवारी मात्र बोटांना काहीतरी वेगळं लागलं. मणक्याची धार आधीसारखी टोचली नाही. बाजूला थोडं मऊ, भरल्यासारखं. पाणी असेल का? म्हणून नडगी दाबली, खळगा राहिला नाही. आप्पा रात्री आडवेच झोपत होते. आणि गेल्या दोन खेपांना शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा पोटऱ्यांत गोळे आले होते. अंगावर मांस चढलं असेल तर साडेअठ्ठेचाळीस आता कमी पडत असेल, आणि मशीन पाण्यापेक्षा जास्त काहीतरी ओढत असेल. तात्यांना विचारावं म्हणून फोन लावला. लागला नाही. घाटाखाली रेंज नसते. दुपारी पुन्हा लावला. मग वहीत लिहिलं, 'भरलीय'. पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि थोड्या वेळाने ते खोडलं.

सोमवारी आप्पा काट्यावर उभे राहिले. भावाने आकडा वाचला आणि मशीन लावायला वळला.

"एक मिनिट," मी म्हणाले. "पाठ भरलीय त्यांची. ड्राय वेट वाढवायला लागेल, असं वाटतं."

"कशावरून?"

"हातावरून."

आप्पा काट्यावरच उभे होते. त्यांनी मला मदत केली नाही, नुसते समोर बघत राहिले. या वेळी भाऊ हसला नाही. त्याच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहून तो म्हणाला, "डॉक्टर बारापर्यंत येतील. त्यांना बघू दे. तोवर पाणी हळू काढतो."

घड्याळात साडेनऊ झाले होते. मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.